एकशे सत्तेचाळीस तिरंदाज

तारीख चौदा सप्टेंबर, वार रविवार. रक्कम बारा हजार रुपये, चौघांना मिळून, जाण्यायेण्याचा खर्च त्यातच धरून. हजर होतो आम्ही आष्टीचे चौघे, म्हणजे एक ऊसतोड मुकादम, जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई, एसटीचे एक चालक आणि मी. वाहिनीच्या माणसाने चौघांच्या सह्या घेतल्या. पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे असे त्याने विचारले, तेव्हा तिघांनीही माझ्याकडे बोट केले. मी खाते क्रमांक लिहून दिला आणि दोनदा ताडून पाहिला. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे झाली होती. पुण्याच्या अलीकडे एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही उभे होतो, आणि त्या दिवशी आम्हाला दोन हजार वर्षांपूर्वीची एक लढाई लढायची होती.

तो कार्यक्रम ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकाच गावची चार माणसे घ्यायची. त्यांनी आयुष्यात संगणकावर खेळ खेळलेला नसावा, ही अट. त्यांच्या हाती जुन्या काळातले एक सैन्य द्यायचे. सैन्य संगणकातलेच, पण भिंतीएवढ्या पडद्यावर ते असे दिसते की माणसे चालली की धूळ उडते आणि घोडे थांबले तरी शेपट्या हलवत राहतात. आपण संगणकाला हात लावायचा नाही. कानाला माईक असतो, त्यात तोंडी हुकूम द्यायचा, काचेपलीकडे बसलेले वाहिनीचे लोक तो हुकूम संगणकात घालतात. हुकूम दिला नाही तर तुकडी आहे तिथेच उभी राहते. हे शेवटचे आम्हाला सकाळी दोन वेळा बजावून सांगितले होते. जिंकलात तर दोन आठवड्यांनी दुसरी फेरी, मग तिसरी, असे दिवाळीपर्यंत. हरलात तर मानधन घ्यायचे आणि घरी जायचे.

मला दुसरी फेरी हवी होती. का हवी होती ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे उगाच वाटेल.

मी नगर रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर कारकून आहे. गाडी भरलेली येते तेव्हा तिचे वजन घ्यायचे, रिकामी होऊन आली की पुन्हा घ्यायचे, वजाबाकी करून पावती द्यायची. एकवीस वर्षे हेच काम केले. संगणक पावती छापतो, तरी मी वहीतही लिहितो. दिवसाला साठ-सत्तर माणसांशी बोलणे होते, पण ते सगळे आकड्यांचे. रविवारी काटा बंद असतो. पत्नीला जाऊन दोन वर्षे झाली, मुलगी लग्न होऊन पुण्यात आहे. एकदा माझ्या लक्षात आले की शनिवारी संध्याकाळी सहा वाजता काट्याला कुलूप लावताना मी मालकाला 'येतो' म्हणालो, त्यानंतर सोमवारी सकाळी आठपर्यंत माझ्या तोंडून एकही शब्द गेला नव्हता. अडतीस तास. त्याचे फार वाईट वाटले असे नाही. पण तो आकडा डोक्यातून जाईना.

बाईंची शाळा काट्यासमोरच आहे. जून महिन्यात त्यांनी टीव्हीवर जाहिरात पाहून अर्ज आणला. पहिल्यांदा त्यांनी मुकादमांना धरले, कारण चाळीस-चाळीस जोड्या घेऊन दर साल ऊस तोडायला जाणारा माणूस सैन्य का नाही चालवणार, असे त्यांचे म्हणणे. मुकादमांनी आपल्या भावकीतल्या एसटी चालकाला ओढले. चौथा मिळेना. मुकादम शेणखताची ट्रॉली वजनाला घेऊन आले होते, त्यांनी खिडकीतूनच विचारले.

"भाऊसाहेब, रविवारी काय करता?"

मी म्हणालो, काही नाही.

"मग या शाळेवर. हिशोबाला मानूस पायजे. मला वीसच्या पुढं बोटं लागतात, आन् ह्या डायवरला पायातली बी काढावी लागतात."

"मुकादम, तुमची बोटं उसात गेली म्हनून माझी मोजता का?" ट्रॉलीवर बसलेले चालक म्हणाले. मुकादमांच्या डाव्या हाताच्या करंगळीचे एक पेर खरोखरच नाही.

जूनच्या शेवटच्या रविवारपासून सप्टेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आम्ही अकरा वेळा बसलो. सकाळी दहा ते एक, शाळेच्या व्हरांड्यात. बाई फरशीवर खडूने नदी आणि टेकड्या काढायच्या. सैन्य धान्याचे होते आणि ते आणायचे काम माझ्याकडे होते. भालेवाले म्हणून तुरी, तिरंदाज म्हणून ज्वारी, घोडेस्वार म्हणून हरभरे आणि हत्ती म्हणून चिंचोके. एका दाण्याला दहा माणसे. दर वेळी निघताना मी दाणे मोजून चार पिशव्यांत भरत असे. चौथ्या रविवारी एक चिंचोका कमी भरला, तर चालक म्हणाले, "हत्ती फरार झाला, पोलिसांत द्या." तो बाईंच्या पदरात निघाला. त्या दिवशी आम्ही दीड वाजेपर्यंत बसलो होतो.

लढायचे कसे हे मुकादमांनी ठरवले, आणि ते त्यांच्या धंद्यातून आले. ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकजण तोडतो, दुसरी मोळी बांधते. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादमांनी भालेवाल्यांची एक तुकडी आणि तिरंदाजांची एक तुकडी यांची जोडी लावली आणि जाहीर केले की हा एक कोयता.

"भाला म्हंजी नवरा, तीर म्हंजी बायको," ते म्हणाले. "नवऱ्यानं म्होरं हुबं राहून आडवायचं, बायकोनं मागनं हानायचं."

"उलटं का नाही?" बाईंनी विचारले.

"तुमच्या घरी उलटं आसंल तर तुमच्या बाजूला उलटं ठिवा की. माझं काय जातंय."

बाई खडू टाकून हसल्या. मग त्यांनी विचारले की जोडीतली एक तुकडी मेली तर काय. मुकादमांनी लगेच सांगितले. अर्धा कोयता कधी एकटा ठेवायचा नाही. टोळीत एखाद्याची बायको आजारी पडून गावी गेली तर त्याला स्वतःच्या पातीत, म्हणजे वाट्याच्या ओळीत, तोडू देत नाहीत, दुसऱ्या अर्ध्याशी त्याला जोडतात, मग दोघांचे मिळून एक काम उभे राहते. इथेही तसेच. जिकडे भाले उरलेत तिकडे तीर न्यायचे, लांब असले तरी. वाटेत थोडे पडतील, ते धरून चालायचे. आम्ही तिघांनीही ते मान्य केले. मी वहीत लिहूनही ठेवले होते.

आता लढाईचे. आमची बाजू पैठणच्या राजाची होती, समोर उत्तरेकडून आलेले क्षत्रपांचे सैन्य, आणि मध्ये गोदावरीच्या काठचे सपाट रान. भाल्यांच्या आठ तुकड्या, तिरांच्या आठ, प्रत्येकी एकशेवीस. घोडेस्वार चारशे. हत्ती आठ. मुकादम सेनापती. मधले दोन कोयते आणि हत्ती त्यांच्याकडे. डावीकडे बाई, तीन कोयते. उजवीकडे मी, तीन कोयते, आणि माझ्या पाठीमागे सैन्याच्या सामानाच्या बैलगाड्या. घोडेस्वार चालकांकडे. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने चालकांना विचारले की घोड्यावर कधी बसलात का. ते म्हणाले, "वरातीत बसलो होतो. तवा बी दुसऱ्यानंच धरला होता."

साडेदहाला सुरू झाले. मध्ये दोनदा थांबवून दिवे आणि कॅमेरे हलवले, जेवणाला पाऊण तास. दुपारी दोनपर्यंत आमचे चांगले चालले होते. हे मी आपल्या बाजूने म्हणत नाही, युद्धशास्त्राचे एक प्राध्यापक तिथे बसवले होते, त्यांनीही म्हटले. जोडीची पद्धत त्यांना आवडली. त्यांनी विचारले की हे कुठे वाचले. मुकादम म्हणाले, "वाचायला येत आसतं तर मुकादम झालो आसतो व्हय?"

मग त्यांचे घोडेस्वार उजवीकडे, माझ्यावर आले. मी भाले पुढे ठेवले होते, ते बरोबरच होते, पण घोडे तीन बाजूंनी आले. एकेक तुकडीवर तिचा आकडा लिहिलेला असतो आणि तो डोळ्यादेखत उतरत जातो. एकशेवीस, चौऱ्याण्णव, एकसष्ट, सव्वीस. माझ्या तिन्ही भाल्यांच्या तुकड्या पंधरा-वीस मिनिटांत संपल्या. घोडेही बरेच पडले आणि मागे हटून पुन्हा गोळा होऊ लागले. माझ्याकडे तीन ठिकाणचे मिळून तिरंदाज उरले, एकशे सत्तेचाळीस. मी त्यांना मागे घेऊन बैलगाड्यांच्या आड उभे केले. तो हुकूम मी नीट आणि वेळेवर दिला होता.

त्याच वेळी डावीकडे बाईंचे उलटे झाले होते. त्यांचे तिरंदाज संपले, भालेवाले दोनशेच्या वर उरले, आणि शत्रू लांबून त्यांच्यावर तीर सोडत होता. भालेवाल्यांना उत्तर देता येत नव्हते. मुकादमांनी पाहिले आणि माईकमध्ये म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचे अर्धे कोयते बाईकडं न्या. माझ्या मागनं न्या. आत्ता."

मी म्हणालो, "हो."

मी पडद्यावर पाहिले. गाड्यांपासून मुकादमांच्या हत्तींपर्यंत उघडे रान होते. त्या रानाच्या तोंडाशी त्यांचे घोडे जमत होते. सकाळपासून मी वहीत प्रत्येक चकमकीचे आकडे घेत होतो, त्यावरून मी हिशोब केला. उघड्यावर घोड्यांनी गाठले तर तीनातले एक पडते. थोडे जास्तच धरले तर साठ. म्हणजे पलीकडे सत्त्याऐंशी पोचतील. साठ कमी करण्याचा हुकूम मला माझ्या तोंडाने द्यायचा होता. एकवीस वर्षांत माझ्या काट्यावर कधी घट निघाली नाही. मला वाटले घोडे जरा बाजूला होऊ देत, मग नेतो, म्हणजे सगळेच्या सगळे पोचतील.

"भाऊसाहेब, निगाले का?"

"हो, काढतो."

खरे सांगायचे तर मनात आणखीही एक होते. मला वाटत होते की ही माणसे शाबूत आहेत तोवर आपण हरलेले नाही. आणि हरलो नाही म्हणजे दोन आठवड्यांनी पुन्हा शाळेत बसायचे, फरशीवर नदी काढायची. तोच विचार करून मी उभा होतो. काचेपलीकडून माझ्या हुकुमाची वाट पाहणारा माणूस माझ्याकडे बघत होता.

तिसऱ्यांदा मुकादमांनी मान वळवून विचारले नाही. ते बाईंच्या बाजूला पाहत होते. त्यांनी फक्त "भाऊसाहेब" एवढेच म्हटले आणि मी पुन्हा "हो" म्हणालो.

बाईंचे भालेवाले संपायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. डावी बाजू गेल्यावर मधल्या कोयत्यांना दोन्हीकडून घेरले. हत्ती बिथरून आपल्याच माणसांवर फिरले. चालक घोडे घेऊन आले, पण कुणाला सोडवायचे ते त्यांना कळेपर्यंत तेही संपले. चार वाजायला दहा मिनिटे कमी असताना शिट्टी वाजली. पडद्यावर दोन्ही सैन्यांचे आकडे आले. आमच्याकडे उरलेले एकशे सत्तेचाळीस. सगळे माझे, गाड्यांच्या आड उभे, एकही कमी नाही.

प्राध्यापक म्हणाले, "हे एकशे सत्तेचाळीस जण लढाईला आलेच नव्हते असे समजा."

ते हसत म्हणाले, बोलण्यात काही कुजके नव्हते. मी वही मिटली.

परतताना जीप मुकादमांची होती आणि चालवत होते चालक. बाई पुढे बसल्या. मी आणि मुकादम मागे. शिरूर मागे पडले. चालकांनी एकदा म्हणून पाहिले, "माझे घोडे लई पळाले बरं का. टीव्हीत तेवढं तरी दिसंल."

"एसटी चालवता तशेच चालवले तुम्ही," बाई म्हणाल्या. "माणसं हात करतायत आणि तुम्ही थेट पुढं."

नगरच्या अलीकडे चहाला थांबलो. अजून ऊन होते. बाई आणि चालक आत गेले. मुकादम जीपला टेकून उभे होते. मी त्यांना सांगायला लागलो की तीनातले एक पडत होते, साठ माणसे गेली असती. वहीही काढली.

त्यांनी वही पाहिली नाही. म्हणाले, "गेली आसती. मला ठाव होतं."

"मग?"

"मग काय. साठ गेली आसती तर साठ गेली आसती, ते सेनापतीच्या डोक्यावर. तुमच्या न्हाई." ते म्हणाले, "पन तुमी हो म्हनले, भाऊसाहेब. तीनदा. न्हाई म्हनले आसते तर मी दुसरं काय तर केलं आसतं. हत्ती फिरवले आसते, डायवरला पाठवला आसता. हो म्हनलेला मानूस येतोय म्हनून मी थांबलो."

मी वही परत खिशात ठेवली. मुकादम रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी माफी मागितली असती, त्यांनी चार शब्द सुनावले असते, आणि ते तिथेच मिटले असते. ते एवढेच म्हणाले, "टोळीत आसं झालं तर मानूस म्होरल्या साली दुसरा बघावा लागतो." मग चहाचे पैसे द्यायला आत गेले.

पुढच्या रविवारी मी दहा वाजता शाळेवर गेलो. येऊ नका असे कुणी सांगितले नव्हते, या असेही नव्हते. फाटकाला कुलूप होते. व्हरांड्यातली खडूची नदी अर्धी पुसली होती. चारही पिशव्या माझ्या हातात होत्या. साडेअकरापर्यंत मी समोरच्या दगडावर बसलो. एक माणूस म्हशी घेऊन गेला, त्याने विचारले, "का बसले हो हितं?" मी म्हणालो, असाच. घरी आलो. संध्याकाळी हरभरे भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घुगऱ्या केल्या. एकट्याला त्या दोन दिवस पुरल्या. पुढच्या आठवड्यात तुरी. ज्वारी दळणात गेली.

सगळ्यांना कामे होती, हे खरे आहे. बाईंच्या शाळेत परीक्षा आल्या. चालकांना लांबची ड्युटी लागली. मुकादम टोळी बांधण्याच्या मागे लागले, त्या दिवसांत मुकादमाला जेवायलाही सवड नसते. मी बोलायला गेलो असतो तर तिघेही नीट बोलले असते. पण कशासाठी गेलो हे सांगता आले पाहिजे. मला तसे कारण लागते. पत्नी म्हणायची, तुम्ही लोकांच्या दारात उभे राहता तेसुद्धा पावती द्यायला आल्यासारखे.

कार्यक्रम ऑक्टोबरमधल्या एका रविवारी संध्याकाळी सहाला लागला. मी घरी एकट्याने पाहिला. सव्वापाच तासांची लढाई त्यांनी बेचाळीस मिनिटांत बसवली होती. चालकांचे घोडे छान दिसत होते. माझे तिन्ही 'हो' ठेवले होते. प्रत्येक वेळी माझा चेहरा जवळून, मग गाड्यांआड उभी असलेली ती माणसे. मी त्यांच्याकडे नीट पाहिले. घोडे शेपट्या हलवतात तशी तीही मधूनमधून माना हलवत होती. सगळ्यांचे चेहरे सारखेच होते. तसे ते असणारच, पण लढताना माझ्या ते ध्यानात आले नव्हते.

मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही किती वाळलात. जेवता ना?"

"जेवतो."

"पुण्यात येऊन गेलात आणि घरी आला नाहीत."

"गाडी लगेच परत होती."

सोमवारी काट्यावर कापसाच्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीशी वाकून म्हणाला, "भाऊसाहेब, ते सैन्य राखून ठिवलं ते बरं केलं."

"का?"

"म्होरल्या जल्माला कामी यील." त्याच्या मागचा दुसरा हसला. "आता गाडी तरी मोजा. का ती बी आडोशाला लावू?"

पंधरा दिवस असे चालले. मग कापसाचा हंगाम तेजीत आला आणि लोक विसरले.

बारा हजार रुपये नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला खात्यावर जमा झाले. मी हिशोब मांडला. जीपचे डिझेल दोन हजार सातशे साठ आणि टोल चारशे चाळीस, एकूण तीन हजार दोनशे, ते मुकादमांना आधी द्यायचे. उरले आठ हजार आठशे. चौघांत वाटून प्रत्येकी दोन हजार दोनशे. चहाचे किती झाले ते मला माहीत नव्हते, म्हणून ते धरले नाहीत. हे पैसे फोनवरून पाच मिनिटांत पाठवता आले असते. माझ्या फोनमध्ये तिघांचेही नंबर आहेत. मी बँकेतून रोख काढले आणि तीन पाकिटे केली. एका रविवारी एकच पाकीट द्यायचे असे ठरवले, म्हणजे तीन रविवार होतात.

पहिल्या रविवारी बाईंकडे गेलो. त्यांनी चहा केला, पोहे केले. त्यांच्या यजमानांनी माझे टीव्हीतले काम चांगले झाले म्हणून सांगितले, काम म्हणजे काय ते मी विचारले नाही. बाईंनी पाकीट न मोजता ठेवले. मी म्हणालो, मोजून घ्या. त्यांनी मोजले. पाऊण तास बसलो. निघताना बाई दारात म्हणाल्या, "तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका, भाऊसाहेब. खेळच होता." त्यांचा आवाज चांगला होता, पण पुन्हा या असे त्या म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या रविवारी चालकांना बसस्थानकावर गाठले. त्यांची गाडी लागलेली होती, सात मिनिटे होती.

"फोनवर टाकायचे ना भाऊसाहेब. यवढ्यासाठी आले?"

"हातात दिलेले बरे."

"तुमी बी ना." त्यांनी पाकीट वरच्या खिशात घातले आणि गाडीत चढले. खिडकीतून म्हणाले, "मुकादम इंदापूरकडं गेलेत. कारखान्याच्या मागच्या फडात. जानार का?"

मी म्हणालो, बघू. गाडी सुटली.

तिसऱ्या रविवारी मी पहाटेची एसटी धरली. दोन गाड्या बदलल्या. त्या प्रवासाचा खर्च मी हिशोबात धरला नाही, तो माझा. फडापर्यंत शेवटचे तीन किलोमीटर एका ट्रॅक्टरवर बसून गेलो. अर्धा ऊस तुटला होता. पाचटावर बायका मोळ्या बांधत होत्या, पुढे पुरुष वाकून तोडत होते, आणि आवाज फक्त कोयत्यांचा होता. बांधावर मुकादम कारखान्याच्या स्लिपा लावत बसले होते. मला पाहून ते उठले, आणि त्यांना बरे वाटले असे मला दिसले. निदान मला तसे वाटले.

"भाऊसाहेब, हितं काटा लावायला आले का काय?"

"तुमचे पैसे राहिले होते."

"आरं देवा. त्यासाठी यवढं लांब."

त्यांनी पाणी दिले. बांधावर बसलो. मी जे म्हणायचे ठरवून आलो होतो ते म्हणालो. साठ माणसे जातील ही भीती खरी होती, पण हो म्हणायला नको होते. नाही म्हणायला हवे होते. त्यांनी ऐकून घेतले. स्लिपा मांडीवर ठेवून नीट ऐकले.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "लढाई मी इसरलो. लोक बी इसरले. हितं कुनाला टीव्ही बघायला टाइम हाय."

एक जोडपे पातीच्या शेवटाला पोचून पाणी प्यायला बसले होते. मी विचारले की बाईंचे काही कळले का. म्हणाले, फोन आला होता. येत्या जूनला त्या पुन्हा अर्ज भरणार आहेत.

"आमी तिघं हाव म्हनलं मी."

मी विचारले, "चौथा?"

मुकादमांनी पाचटाची एक काडी उचलली आणि मोडली. "बाईच्या शाळंत नवीन मास्तर आलाय. गनिताचा हाय. त्याला कंप्यूटर येत न्हाई म्हनं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमाला मी तोंडावर सांगतो, भाऊसाहेब. मागनं कळाय नको."

"बरे केले," मी म्हणालो.

"राग न्हाई ना?"

"नाही."

ते खरे होते. त्या वेळी तरी 'नाही' म्हणताना मी नाहीच म्हणत होतो. मी पाकीट काढले. मुकादमांनी हात मागे घेतला आणि मोळ्या बांधणाऱ्या बायकांकडे पाहून हाक मारली. पैसे त्यांच्याकडे राहत नाहीत, म्हणाले, ते तिच्याकडे असतात. त्यांची बायको पदराला हात पुसत आली. मी तिला हिशोब सांगितला. डिझेल आणि टोलचे तीन हजार दोनशे, वाट्याचे दोन हजार दोनशे, एकूण पाच हजार चारशे.

"आन् चहाचे?" तिने विचारले. "हे म्हनत होते, चहा आमच्याकडनं झाला."

"ए, चहाचं काय काढतीस," मुकादम म्हणाले.

मी विचारले किती झाले होते. ऐंशी, ती म्हणाली. चौघांत वीस-वीस. बाईंचे आणि चालकांचे वीस मी माझ्याकडून धरले, आणि माझे वीस, असे साठ तिला वरच्या खिशातून वेगळे दिले. तिने सगळे दोनदा मोजले. पाच हजार चारशे साठ रुपये, मुकादमांच्या बायकोला, रोख.